जागा असेल त्याला

कोड रिव्ह्यूला, म्हणजे माझ्याकडून तपासून घ्यायला, आलेला प्रोग्रॅममधला बदल तसा मोठा होता, पण माझी नजर अडकली ती कंसातल्या एका शब्दावर. लॉक म्हणजे प्रोग्रॅममधल्या एखाद्या जागी एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, आणि त्यापाशी थांबतात ते थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे. जावा या भाषेतलं रीएन्ट्रंटलॉक हे असंच एक लॉक. ते तयार करताना कंस रिकामा ठेवला तर ते आपल्या मर्जीने वागतं. कंसात ‘ट्रू’ लिहिलं तर रांग पाळतं. जो थ्रेड आधी येऊन थांबला तो आधी आत जाणार, मागून आलेल्याने पुढे घुसायचं नाही. आमच्या टीममधल्या, कॉलेजातून येऊन फार काळ न झालेल्या मुलीने तो ‘ट्रू’ विचार करूनच घातला होता. काही रिक्वेस्ट अधूनमधून विनाकारण लटकतात अशी तक्रार आली होती. तिने खोदून पाहिलं, तेव्हा दिसलं की एका गजबजलेल्या लॉकपाशी काही थ्रेड बिचारे उभेच राहतात आणि मागून आलेले पुढे निघून जातात. मग तिने रांग लावली. लोड टेस्टमध्ये, म्हणजे मुद्दाम गर्दी करून घेतलेल्या चाचणीत, सेकंदाला होणारी कामं निम्म्याच्याही खाली आली. मी आलेख पाहिला आणि ‘ट्रू काढ’ म्हणालो. तिने वाद घातला नाही. लॅपटॉप मिटता मिटता एवढंच म्हणाली, ‘‘म्हणजे सर, आधी आलेल्याला आपण मुद्दाम मागे ठेवायचं, आणि त्याला परफॉर्मन्स म्हणायचं.’’

उत्तर माझ्यापाशी तयार होतं. मुलाखतींत समोरच्याला विचारून विचारून ते गुळगुळीत झालेलं आहे. थांबलेला थ्रेड म्हणजे झोपलेला थ्रेड. ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला प्रोसेसरच्या कोअरवरून खाली उतरवलेलं असतं. त्याची पाळी आली की त्याला उठवायचं, एखाद्या कोअरवर चढवायचं, तोवर कॅशमधून, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या मेमरीतून, निघून गेलेला त्याचा डेटा परत आणायचा. यात काही मायक्रोसेकंद जातात. जागा असलेल्या थ्रेडला मोकळं लॉक घ्यायला मात्र २० नॅनोसेकंदांच्या आसपास पुरतात. समजा, आतलं काम २०० नॅनोसेकंदांचं आहे आणि उठायला ५ मायक्रोसेकंद लागतात. रांग पाळायची म्हटली तर त्या चिमूटभर कामामागे दर वेळी ५,००० नॅनोसेकंद लॉक नुसतं पडून राहणार. मोकळं असणार, पण कुणी हात लावायचा नाही, कारण ज्याची पाळी आहे तो अजून उठतोय. रांग न पाळणाऱ्या लॉकमध्ये तेवढ्याच वेळात आधीच धावत असलेले थ्रेड येतात, लॉक घेतात, काम उरकतात आणि सोडतात. वीसेक कामं होऊन गेलेली असतात. हिशोब इतका सरळ आहे की त्यावर कुणी फार वेळ बोलत नाही. मीही कधी बोललो नव्हतो. पण त्या संध्याकाळी ‘मुद्दाम’ हा तिचा शब्द माझ्याबरोबर घरी आला, आणि जेवताना मला एकदम बाबांचा कॅश काउंटर आठवला.

बाबा कराडला एका बँकेत कॅशियर होते. शाळा सुटली की मी कधी कधी शाखेत जाऊन बसायचो. लोखंडी जाळीचा पिंजरा, आत बाबा, त्यांच्या उजव्या हाताला ओल्या स्पंजची डबी, आणि जुन्या नोटा, तंबाखू, घाम, शाई यांचा मिळून झालेला तो वास, जो त्यांच्या शर्टाबरोबर घरीही यायचा. पैसे काढायला आलेल्या माणसाने स्लिप दिली की क्लार्क त्याला पितळी टोकन द्यायचा. गोल, मधोमध आकडा ठोकलेला, हातात बराच वेळ धरला की गरम होणारा. मग ती स्लिप लेजरवरून साहेबांच्या टेबलावर जायची, तिथून बाबांच्या पिंजऱ्यात, आणि बाबा आकडा पुकारायचे. पेन्शनच्या दिवसांत तर शाखेत पाय ठेवायला जागा नसायची. बँक उघडायच्या आधीपासून येऊन बसलेले म्हातारे कंटाळून बाहेरच्या पारावर जायचे, कुणाला तिथेच डुलकी लागायची. बाबा पुकारायचे, ‘‘बेचाळीस!’’ कुणी यायचं नाही. ‘‘बेचाळीस आहेत का?’’ सगळी शाखा इकडेतिकडे बघायची. तिसऱ्या हाकेनंतर बाबा बेचाळीसची स्लिप डाव्या हाताला काचेच्या पेपरवेटखाली सरकवायचे आणि त्रेचाळीसला घ्यायचे. मला ते पटायचं नाही. बेचाळीस आधी आला होता ना? एकदा तसं बोललोही. ‘‘अरे, तो उठून येईपर्यंत मी काय नोटा कुरवाळत बसू?’’ असं बाबा म्हणाले. पण पेपरवेटखालच्या स्लिपा ते विसरत नसत. म्हातारा काठी टेकत जाळीशी आला की हातातल्या माणसाचे पैसे मोजून संपवायचे आणि पुढचा आकडा न पुकारता आधी त्याला द्यायचे. मागून कुणी कुरकुरलं तरी मान वर करायचे नाहीत.

तिला मी दिलं असतं ते उत्तर बाबांचंच होतं. त्यात पेपरवेट मात्र नव्हता.

हा वाद आमच्या धंद्यात साठ वर्षं चालू आहे. १९६५ साली संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने एका छोट्याशा लेखात प्रश्न मांडला की एकमेकांना न जुमानता आपापल्या गतीने चाललेल्या अनेक प्रक्रिया असतील, तर एका नाजूक जागी एका वेळी एकच जाईल याची खात्री कशी द्यायची. उत्तरही त्यानेच दिलं. त्या उत्तरात कुणीतरी आत जाईल याची हमी होती, पण प्रत्येक जण कधी ना कधी जाईलच याची नव्हती. एखादा कमनशिबी दाराशी कायमचा ताटकळू शकत होता. पुढच्याच वर्षी डोनाल्ड नूथने ही फट दाखवून ती बुजवण्याचा मार्ग सुचवला. आणि १९७४ साली लेस्ली लॅम्पोर्टने बेकरीचा अल्गोरिदम मांडला: आत शिरताना प्रत्येकाने आकडा घ्यायचा, सगळ्यात लहान आकड्याची पाळी आधी. इंजिनिअरिंगला असताना पुस्तकात तो वाचला तेव्हा मला बेकरी काही दिसली नाही, पितळी टोकन दिसलं होतं. नव्वद टक्के मुलं तो अल्गोरिदम पाठ करून परीक्षेत लिहून आली. मला मात्र त्यात एक गोष्ट खटकत राहिली, की ज्याचा आकडा आहे तो झोपलेला असला तर काय, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. त्यात नसणंही बरोबरच होतं म्हणा. तिथे कुणी झोपतच नाही, सगळे उभ्या उभ्या सारखे आकड्यांकडे बघत असतात.

त्याच १९७४ साली टोनी होअरने मॉनिटरची, म्हणजे डेटा आणि त्याचं लॉक एकत्र बांधून ठेवण्याची, कल्पना नीट बांधली, आणि आज जावाचं सिंक्रोनाइज्ड हे लॉक असो की सी-शार्प भाषेतलं लॉक, दोन्ही त्याच मॉनिटरची वंशावळ सांगतात. होअरच्या मॉनिटरमध्ये शिष्टाचार कडक होता. आत असलेल्याने थांबलेल्याला खूण केली की आतला बाजूला व्हायचा आणि थांबलेला त्याच क्षणी आत यायचा. मधल्या मध्ये तिसऱ्याला शिरायला जागाच नाही. ऐकायला किती छान. पण झेरॉक्सच्या मेसा या भाषेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या लॅम्पसन आणि रेडेल यांनी १९८० साली आपला अनुभव लिहिला, तेव्हा तो शिष्टाचार सोडून दिला होता. त्यांच्याकडे खूण म्हणजे नुसता इशारा: ‘तुझं काम होण्यासारखं आहे, सवडीने उठून बघ.’ उठून येईपर्यंत दुसराच कुणी आत जाऊन परिस्थिती बदलून गेलेला असू शकतो, म्हणून उठलेल्याने अट पुन्हा तपासायची. जावातलं नोटिफाय आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधलं पल्स हे दोन्ही इशारे मेसाच्या घराण्यातले. वेटच्या, म्हणजे थांबायच्या सूचनेच्या, भोवती एकदाच तपासणारं ‘इफ’ लिहू नका, पुन्हा पुन्हा तपासणारं ‘व्हाइल’ लिहा, हे आपण नव्या मुलांना दरडावून सांगतो, ते या घुसखोराची जागा आधीच धरून ठेवलेली असल्यामुळे. ‘व्हाइल’मागे हे कारण आहे असं मला कुणी शिकवताना सांगितलं नव्हतं. नियम म्हणून सांगितलं होतं, आणि आपल्याकडे नियम म्हणून सांगितलं की विषय संपतो.

मेसाच्या लेखाच्या एक वर्ष आधी, म्हणजे १९७९ साली, आयबीएमच्या सिस्टिम आर या डेटाबेसवर काम करणाऱ्या मंडळींनी (जिम ग्रे त्यांत होते) एका विचित्र रोगाचं वर्णन केलं. एका वर्दळीच्या लॉकचा मालक नेमका लॉक हातात असतानाच शेड्युलरने, म्हणजे कोण केव्हा चालेल ते ठरवणाऱ्याने, कोअरवरून उतरवला जातो. मागे रांग लागते. मालक परत येतो, लॉक सोडतो, ते इमानेइतबारे रांगेतल्या पहिल्याला दिलं जातं. पण त्या मालकाला क्षणभरात तेच लॉक पुन्हा हवं असतं, म्हणून तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. पहिलाही तेच करतो, दुसराही. मूळ कारण केव्हाच संपलेलं असतं, रांग मात्र संपत नाही. सगळे जण थोडंसं काम, लांबलचक झोप, थोडंसं काम अशा चालीने रांगत राहतात. त्यांनी या प्रकाराला कॉन्व्हॉय म्हटलं. त्यावरचा त्यांचा उतारा वाचताना मी दचकलो होतो. लॉक सोडताना ते कुणाच्याही हातात द्यायचं नाही, मोकळं करून ठेवायचं, थांबलेल्या सगळ्यांना उठवायचं, आणि मग ज्याला मिळेल त्याला मिळेल. न्यायाने रांग लावली म्हणूनच सगळे अडकले होते, आणि रांग मोडली तेव्हा सगळेच, अगदी मागचेसुद्धा, लवकर सुटले. हे वाक्य मी इथे इतक्या सहज लिहिलं खरं, पण त्या शाखेत ते मोठ्याने बोलायची माझी छाती झाली नसती.

विंडोजही पुढे त्याच वाटेने गेलं. सर्व्हर २००३ चा पहिला सर्व्हिस पॅक आणि मग व्हिस्टा, तेव्हापासून तिथली क्रिटिकल सेक्शन (तिथल्या एका लॉकचं नाव) सोडताना रांगेतल्या पहिल्याच्या हातात दिली जात नाही. प्रोग्रॅममधला एक अक्षरही न बदलता त्याच्या आतली पाळी बदलली. माझी सुरुवातीची वर्षं डॉट नेटमध्ये गेली, त्यामुळे अशा लॉकांपाशी मी बऱ्याच रात्री काढल्या आहेत. नऊ वाजले की इमारतीचा एसी बंद व्हायचा, मशिनचा चहा कोमट पाण्यासारखा लागायचा, फोनच्या पलीकडे कुणाची तरी सकाळ सुरू झालेली असायची, आणि माझ्यासमोर प्रॉडक्शनवरून, म्हणजे चालू सिस्टिमवरून, काढलेला डंप (त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल) विनडीबीजी या तपासणीच्या साधनात उघडलेला. त्याच्या एसओएस या पुरवणीतली सिंकब्लॉकची कमांड मारली की कोणत्या ऑब्जेक्टवर गर्दी आहे त्याचा तक्ता येतो. त्यातल्या मॉनिटरहेल्ड या स्तंभाचा हिशोब मजेशीर आहे. मालकाचा एक, आणि थांबलेल्या प्रत्येकाचे दोन. म्हणजे १७१ दिसलं तर एक आत आणि ८५ दाराशी. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला गुप्त लिपी सापडल्याचा आनंद झाला होता. पण तो तक्ता एवढंच सांगतो. ८५ थांबलेत हे कळतं. कोण केव्हापासून थांबलाय, कोणाच्या डोक्यावरून किती जण गेले, हे त्यात कुठेच नसतं. मग मालक थ्रेडच्या स्टॅकमध्ये उतरायचं, तो आत बसून काय करतोय ते बघायचं (बहुतेक वेळा लॉग लिहीत असतो), ते काम बाहेर काढायचं, आणि पहाटे ‘इश्यू रिझॉल्व्ड’ असा मेल टाकून झोपायचं. दाराशी उभ्या असलेल्यांची चौकशी करायची कुणाला कधी गरज पडली नाही.

मॅनेज्ड कोडमध्ये, म्हणजे रनटाइम नावाच्या मधल्या थराच्या देखरेखीखाली चालणाऱ्या कोडमध्ये, हे असंच चालायचं. मेमरी मोकळी करायची काळजी रनटाइम घेतो, म्हणून आपण त्याचे आभार मानतो, आणि त्याच्याबरोबर किती निर्णय गुपचूप सोपवून देतो ते आपल्या लक्षातही येत नाही. मी ‘लॉक’ लिहितो आणि महिरपी कंस उघडतो, बस्स. पुढचा कोण, झोपायच्या आधी जागच्या जागी किती वेळ घुटमळायचं, कोणाला उठवायचं, हे सगळं दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं आणि ते आवृत्तीगणिक बदलतं. जावा ६ मध्ये तर हॉटस्पॉट या जावाच्या रनटाइमने उघड उघड पक्षपात करणारं लॉक सरसकट चालू केलं. ज्या थ्रेडने लॉक पहिल्यांदा घेतलं, ते त्याच्याच नावावर करून टाकायचं, म्हणजे पुढच्या वेळी त्याला जवळजवळ फुकटात मिळेल. एकच थ्रेड पुन्हा पुन्हा तेच लॉक घेतोय, अशा जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमांना त्याचा भरघोस फायदा झाला. दुसरा कुणी आला की तो पक्षपात मागे घ्यायला मात्र मोठा खटाटोप पडायचा. प्रोसेसर बदलले, प्रोग्रॅमही बदलले, आणि जावा १५ मध्ये, २०२० साली, ही सोय मूळ सेटिंगमधून बंद केली गेली. इतकी वर्षं माझ्या कोडमधली प्रत्येक सिंक्रोनाइज्ड मेथड असा कल ठेवून चालली होती, आणि कल काढून घेतला गेला तेव्हा बिल्ड हिरवाच होता, म्हणजे सगळं ठीक असल्याचीच खूण.

तर मग पेपरवेट? तो कुठे आहे का, हे शोधायला मी त्या आठवड्यात डॉट नेटचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडून बसलो. आता तो उघडाच असतो, पूर्वीसारखं अंदाज बांधत बसावं लागत नाही. मॉनिटरचं लॉक जिथे लिहिलेलं आहे तिथे सगळा भर घुसखोराला वाट देण्यावर आहे, आणि त्याच्यामध्ये एक आकडा आहे: १०० मिलिसेकंद. उठवलेला थ्रेड येऊन बघतो तर लॉक पुन्हा दुसऱ्यानेच पळवलेलं, असं होत होत त्याचा थांबण्याचा काळ १०० मिलिसेकंदांवर गेला, तर लॉकमध्ये एक बिट वर होतो. मग नव्याने येणाऱ्यांनी पुढे घुसायचं नाही, थांबलेल्यांना आधी जाऊ द्यायचं. डॉट नेट ९ बरोबर २०२४ साली लॉकचा वेगळा टाइप आला, त्यातही हीच १०० मिलिसेकंदांची मर्यादा ठेवलेली आहे. गो भाषेच्या म्युटेक्समध्येही (तिथलं लॉक) असाच प्रकार आहे, २०१७ च्या १.९ आवृत्तीपासून. तिथे थांबलेल्याची मर्यादा १ मिलिसेकंद. ती ओलांडली की म्युटेक्स उपासमारीच्या मोडमध्ये जातो आणि सुटलेलं लॉक थेट रांगेतल्या पहिल्याच्या हातात देतो. बाबांच्या तीन हाका, दुसरं काय. मला ते वाचून उगाचच बरं वाटलं, आणि लगेच प्रश्नही पडला की एकाकडे १ आणि दुसऱ्याकडे १००, हे कोणी आणि कशावरून ठरवलं असेल. रात्री चालणाऱ्या रिपोर्टला १०० मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही. दुकानात मोबाइल पुढे धरून उभ्या असलेल्या माणसाच्या पेमेंटमध्ये अशी तीन-चार लॉकं एकामागून एक लागली, तर तेवढ्यात दुकानदार ‘झालं का?’ म्हणून मान वर करतो.

जावाने हा मधला मार्ग घेतला नाही. २००४ साली जावा ५ बरोबर डग ली यांच्या पुढाकाराने आलेल्या रीएन्ट्रंटलॉकने दोन्ही पर्याय समोर ठेवले आणि निवड आपल्यावर सोडली. डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय की रांग पाळणारं लॉक एकूण कामात हळू पडेल, बऱ्याचदा फारच हळू पडेल, पण थांबण्याच्या वेळांतली तफावत कमी होईल आणि उपाशी कुणी राहणार नाही. तिच्या लोड टेस्टमध्ये हे अगदी तसंच उतरलं होतं. पहिल्या आलेखात एकूण काम कोसळलेलं दिसत होतं. दुसऱ्या आलेखात, जो तिने खाली जोडला होता, सर्वांत जास्त रखडलेल्या एक टक्का रिक्वेस्टचा वेळ एकूण घसरणीच्या मानाने बराच आटोक्यात राहिलेला दिसत होता. तक्रार त्या एक टक्क्यातूनच आली होती. सरासरीला कुणी फोन करत नाही. ज्याला आठ सेकंद थांबावं लागतं तोच करतो, आणि आपण त्याला सरासरी दाखवतो. इथे ती माझ्यापेक्षा प्रश्नाच्या जवळ होती असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तरी तो ‘ट्रू’ मी पुन्हा काढायलाच सांगेन, हेही तितकंच खरं. हे दोन्ही एकाच डोक्यात कसं मावतं ते मला नीट सांगता येत नाही.

शेवटी आम्ही काय केलं, तर जे नेहमी करतात तेच. लॉकच्या आत एका मॅपमधली, म्हणजे नावावरून शोधायच्या तक्त्यातली, नोंद वाचून बदलली जात होती, तेवढंच काम खरं तिथे हवं होतं. त्याच्याबरोबर त्या नोंदीची जेसन स्ट्रिंग (नोंदीचं मजकूर रूप) तयार होत होती, ती लॉगला जात होती, आणि एक आकडेवारीचा काउंटर वाढत होता. जेसन आणि लॉग बाहेर काढले. काउंटरसाठी लाँगअ‍ॅडर घातला, जो जावा ८ पासून आहे आणि ज्याची युक्ती मला अजूनही आवडते. गर्दी झाली की तो एकच आकडा अनेक कप्प्यांत वाटतो, ज्याला जो कप्पा वाट्याला आला त्याने तो वाढवावा, बेरीज कुणी विचारेल तेव्हा करू. ते कप्पेसुद्धा मेमरीत मुद्दाम अंतर सोडून ठेवलेले असतात, कारण दोन कप्पे ६४ बाइटच्या एकाच कॅश लाइनवर (कॅशमध्ये एकदम ये-जा करणारा तुकडा) आले तर लॉक नसतानाही दोन कोअर त्या ओळीसाठी एकमेकांशी ओढाताण करत बसतात. मॅपच्या जागी कॉन्करंटहॅशमॅप आला, जिथे एका नोंदीसाठी सगळा मॅप अडवावा लागत नाही. पूर्वीचा लांबुडका थांबा उरलाच नाही, आणि रांग पाळायची की नाही हा प्रश्न निदान त्या जागी तरी पडेनासा झाला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. प्रश्न सुटला, की ज्या टंचाईमुळे तो पडत होता ती तेवढ्यापुरती सरली, हे मी त्या मीटिंगमध्ये विचारलं नाही. तिथे विचारण्यासारखंही नव्हतं.

आणि लॉक सगळीकडून काढता येत नाही. आमच्या कोडमध्ये एक जागा अशी आहे जिथे बाहेरच्या एका जुन्या सिस्टिमशी एकच कनेक्शन आहे आणि त्यावर एका वेळी एकच जण बोलू शकतो. तिथलं काम २०० नॅनोसेकंदांचं नाही, चांगलं ३०-४० मिलिसेकंदांचं आहे. इतक्या लांब कामापुढे झोपलेल्याला उठवायचे ५ मायक्रोसेकंद खिजगणतीतही येत नाहीत. म्हणजे इथे रांग पाळायला काहीच खर्च नाही, आणि न पाळण्याचं कारणही नाही. तिने तिथे ‘ट्रू’ घातला, मी मान्य केला. मग दोघांनी मिळून डॉक्युमेंटेशन पुन्हा वाचलं तेव्हा त्यात एक चोरदरवाजा निघाला, लपवलेला नाही, सरळ लिहिलेला. ट्रायलॉक ही मेथड वेळेची मर्यादा न देता हाक मारली तर रांग पाळणाऱ्या लॉकवरसुद्धा रांगेकडे बघत नाही. लॉक मोकळं दिसलं की घेते, मागे कितीही जण उभे असोत. रांग पाळून विचारायचं असेल तर वेळ द्यायचा, मग तो शून्य सेकंद का असेना. हे वाचून ती हसली आणि म्हणाली, ‘‘हे तर ओळख असलेल्या माणसासारखं झालं.’’ मी हसलो नाही, कारण बाबांच्या पिंजऱ्यालाही मागच्या बाजूने एक दार होतं आणि साहेबांच्या ओळखीच्या स्लिपा तिथून यायच्या, हे मला माहीत होतं.

आता व्हर्च्युअल थ्रेडांमुळे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमऐवजी रनटाइमच सांभाळतो त्या हलक्या थ्रेडांमुळे, हा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागणार आहे. जावा २१ मध्ये, २०२३ साली, ते पक्के झाले तेव्हा सिंक्रोनाइज्डच्या आत अडकलेला व्हर्च्युअल थ्रेड आपल्याखालच्या खऱ्या थ्रेडलाही धरून बसायचा, म्हणून कित्येकांनी सिंक्रोनाइज्ड काढून रीएन्ट्रंटलॉक घातलं. आमच्याकडे ते आलं तेही तसंच. २०२५ च्या जावा २४ ने ती अडचण काढून टाकली. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. व्हर्च्युअल थ्रेडला उठवायला दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिमची पायरी चढावी लागत नाही. रनटाइम त्याला आपल्याच पूलच्या, म्हणजे खऱ्या थ्रेडांच्या ताफ्याच्या, रांगेत टाकतो आणि धावत असलेला एखादा खरा थ्रेड तिथून उचलतो. म्हणजे माझ्या पाठ उत्तरातला ५ मायक्रोसेकंदांचा आकडा तिथे जसाच्या तसा चालणार नाही. झोपलेला आणि जागा यांच्यातलं अंतरच कमी झालं, तर जागा असेल त्याला आधी देण्याचं समर्थनही तेवढंच पातळ होईल. होईलच असं नाही. पूलच्या रांगेत त्याला किती वेळ काढावा लागतो ते वेगळं, आणि लॉकने रांग पाळली म्हणून शेड्युलर पाळेल याची हमी त्या डॉक्युमेंटेशननेही दिलेली नाही. पुढच्या तिमाहीत जावा २५ वर जायचं आहे, तेव्हा मोजून बघू. त्याआधी सगळ्या कोडमध्ये वेळ न देता मारलेलं ट्रायलॉक कुठे कुठे आहे, याची यादी करायला घेतली आहे. अपेक्षेपेक्षा लांब निघते आहे.